सहप्रवासी उपग्रहाची प्रक्षेपकाशी जुळणी: संघाच्या समन्वयकासाठी मार्गदर्शन

26 सप्टेंबर 2016 रोजी इस्रोचा पीएसएलव्ही-सी35 हा प्रक्षेपक (उपग्रह वाहून नेणारे रॉकेट) श्रीहरिकोट्याहून उडाला तेव्हा त्यावर आठ उपग्रह होते. मुख्य प्रवासी 371 किलो वजनाचा स्कॅटसॅट-1 होता आणि तो उड्डाणानंतर सुमारे सतरा मिनिटांतच 730 किलोमीटर उंचीवरच्या कक्षेत सुटला. उरलेल्या सातांमध्ये आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला 10 किलोचा ‘प्रथम’ होता. प्रक्षेपकाचा चौथा टप्पा आणखी दोनदा पेटून 689 किलोमीटरच्या कक्षेत येईपर्यंत हे सातही उपग्रह त्याला तसेच जोडलेले राहिले आणि सगळे उपग्रह सुटेपर्यंत एकूण सव्वादोन तास लागले. सामायिक प्रक्षेपण म्हणजे काय, हे या एका उड्डाणावरून नीट समजते. कक्षा, दिवस, वेळ आणि सुटण्याचा क्रम हे सारे दुसऱ्याच्या गरजेनुसार ठरलेले असते, आणि आपल्या उपग्रहाने तोवर थंड, अंधारे आणि पूर्ण बंद अवस्थेत शांतपणे थांबायचे असते.

महाविद्यालयाच्या किंवा लहान कंपनीच्या उपग्रहसंघात प्रक्षेपकाच्या बाजूशी बोलण्याची जबाबदारी ज्या व्यक्तीवर असते, तिच्यासाठी हे टिपण आहे. उपग्रह चांगला असणे आणि तो प्रक्षेपकावर चढवण्यायोग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट सांभाळणारा माणूस संघात पहिल्या दिवसापासून हवा. प्रक्षेपण संस्थेला आपल्या प्रयोगाच्या यशाची काळजी दुय्यम असते. आपला उपग्रह मुख्य उपग्रहाला, शेजाऱ्यांना किंवा प्रक्षेपकाला अपाय करणार नाही, एवढी खात्री तिला आधी हवी असते. पुढे ज्या अटी येतात त्या जवळजवळ सगळ्या या एकाच अपेक्षेतून आलेल्या आहेत, आणि हे ध्यानात ठेवले की त्या जाचक वाटेनाशा होतात.

जागा ठरण्याआधीची कामे

पहिला प्रश्न असा विचारावा की आपल्याला स्वतंत्र उपग्रहाची खरोखर गरज आहे का. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम संपल्यावर कक्षेतच प्रयोगमंच म्हणून वापरण्याची ‘पोएम’ ही सोय 2022 च्या पीएसएलव्ही-सी53 पासून उपलब्ध आहे. 1 जानेवारी 2024 रोजी एक्सपोसॅट या उपग्रहासोबत गेलेल्या पोएम-3 वर मुंबईच्या के. जे. सोमय्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे हौशी रेडिओसाठीचे ‘बिलीफसॅट-0’ हे उपकरण होते, आणि त्याच वर्षाच्या 30 डिसेंबरला गेलेल्या पोएम-4 वरील 24 प्रयोगांत मुंबईच्याच अ‍ॅमिटी विद्यापीठाचा पालक या भाजीच्या पेशींवरचा प्रयोग होता. या मार्गाने गेल्यास वीज, दिशास्थैर्य आणि दळणवळण मंचाकडून मिळते. उपग्रह प्रक्षेपकापासून वेगळा करणाऱ्या सेपरेशन यंत्रणेचा सारा प्रश्न निकालात निघतो, पण त्याच्या जागी विजेच्या आणि डेटाच्या जोडणीचे काम वाढते. कोणत्या पिनवर किती व्होल्ट येणार, आपले उपकरण चालू होताना क्षणभर किती प्रवाह ओढणार आणि डेटा कोणत्या स्वरूपात द्यायचा, हे सर्व मंचाच्या अभियंत्यांसोबत बसून ठरवावे लागते. ज्या संघाला मुळात एक संवेदक किंवा एक जैविक प्रयोग अवकाशात तपासायचा आहे, त्याने उपग्रह बांधण्याच्या हौसेपोटी चार वर्षे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वतंत्र उपग्रहच हवा असेल, तर त्याची रचना एका कक्षेसाठी न करता कक्षांच्या एका पट्ट्यासाठी करावी. 500 किलोमीटर आणि 700 किलोमीटर या उंचींमध्ये उपग्रहाच्या आयुर्मानाचा फरक प्रचंड असतो, आणि सूर्यसमकालिक कक्षेतही (जिथे उपग्रह दर फेरीत विषुववृत्त साधारण एकाच स्थानिक वेळी ओलांडतो) विषुववृत्त ओलांडण्याची स्थानिक वेळ बदलली की सावलीत जाणारा काळ, बॅटरीवरचा ताण आणि तापमान हे सारे बदलते. ‘आम्हाला सकाळी साडेदहाचीच कक्षा हवी’ असे म्हणणाऱ्या सहप्रवाशाला जागा मिळणे फार कठीण असते.

परवानग्यांचे काम याच टप्प्यावर सुरू करावे, कारण सर्वांत जास्त वेळ तेच खाते. भारतात बिगरसरकारी संस्थेच्या उपग्रहाला अहमदाबाद येथील इन-स्पेस या अवकाश क्षेत्रातील बिगरसरकारी कामांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेची मान्यता लागते. 2023 चे भारतीय अवकाश धोरण आणि मे 2024 मध्ये इन-स्पेसने प्रसिद्ध केलेली नियमावली समन्वयकाने स्वतः पूर्ण वाचलेली असावी, सारांशावर विसंबू नये. रेडिओ वारंवारतेसाठी दूरसंचार विभागाची वायरलेस परवाने देणारी डब्ल्यूपीसी शाखा आणि तिच्यामार्फत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना असा मार्ग असतो. 145.8 ते 146 किंवा 435 ते 438 मेगाहर्ट्झ या हौशी पट्ट्यांत काम करायचे असेल, तर आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाकडून समन्वयही करून घ्यावा लागतो, आणि तिथे मोहिमेचा हेतू खरोखर हौशी रेडिओसेवेशी जुळतो का हे पाहिले जाते. वारंवारता कागदावर निश्चित झाली त्याच आठवड्यात अर्जाची तयारी सुरू व्हावी. उपग्रह तयार आहे, जागा मिळाली आहे आणि वारंवारतेचे पत्र आलेले नाही, अशा अवस्थेत उड्डाण हुकू शकते आणि त्या वेळी धावपळ करून काही उपयोग होत नाही.

इंटरफेसचा दस्तऐवज

जागा मिळाल्यानंतर समन्वयकाच्या हातातले मुख्य साधन म्हणजे इंटरफेस कंट्रोल डॉक्युमेंट, ज्याला सगळे आयसीडी म्हणतात. उपग्रहाचे वजन, गुरुत्वमध्य, जडत्वाघूर्ण, बाह्य मापे, बोल्टांच्या जागा, कंपनाची किमान नैसर्गिक वारंवारता, वापरलेले पदार्थ, बॅटरीची क्षमता, रेडिओचे तपशील आणि दोन्ही बाजूंनी कोणी काय पुरवायचे याची यादी त्यात असते. हा दस्तऐवज एकाच व्यक्तीच्या ताब्यात असावा. त्यात बदल करायचा तर तो लेखी विनंतीनेच व्हावा, आणि प्रत्येक बैठकीत सुरुवातीलाच चालू आवृत्तीचा क्रमांक मोठ्याने वाचावा. हे औपचारिक वाटेल, पण दोन बाजूंकडे दोन आवृत्त्या असण्याइतकी सामान्य आणि महागडी चूक दुसरी नाही.

क्यूबसॅट, म्हणजे ठरावीक मापाच्या युनिटांत बांधलेले लहान उपग्रह, या प्रकारात बरीच मापे आधीच ठरलेली असतात. 1999 मध्ये कॅलिफोर्नियातील कॅल पॉलीचे जॉर्डी पुइग-सुआरी आणि स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज यांनी हा साचा मांडला. एक युनिट म्हणजे 10 × 10 सेंटिमीटर तळ आणि 11.35 सेंटिमीटर उंची. चार कोपऱ्यांवरच्या रुळांची रुंदी किमान 8.5 मिलिमीटर असते, ते अ‍ॅल्युमिनियमचे व हार्ड अ‍ॅनोडाइझ केलेले (विद्युत-रासायनिक प्रक्रियेने कठीण ऑक्साइडचा थर दिलेले) असावे लागतात, आणि बाजूच्या पृष्ठभागावरून कोणताही भाग 6.5 मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर येता कामा नये. इथे एक बारकावा पुष्कळदा सुटतो. हार्ड अ‍ॅनोडायझिंगचा थर साधारण निम्मा धातूच्या आत आणि निम्मा बाहेर वाढतो. म्हणजे 50 मायक्रॉनचा थर दिला तर प्रत्येक पृष्ठभाग सुमारे 25 मायक्रॉनने बाहेर सरकतो आणि समोरासमोरच्या दोन बाजू मिळून माप 50 मायक्रॉनने वाढते. 100 मिलिमीटरच्या रुंदीला सवलत अवघी 0.1 मिलिमीटरची असताना तिच्यातला निम्मा वाटा केवळ लेपाने खाल्ला जातो. म्हणून वर्कशॉपला दिलेल्या आराखड्यावर ‘लेपानंतरचे माप’ असे स्वच्छ लिहावे, आणि लेप झाल्यावर प्रत्येक रूळ तीन ठिकाणी मोजून घ्यावा.

क्यूबसॅट नसलेले, थोडे मोठे उपग्रह पीएसएलव्हीवर बहुधा बॉल लॉक (गोळ्यांनी अडकवून ठेवणाऱ्या) पद्धतीच्या सेपरेशन यंत्रणेने बसतात. या यंत्रणेच्या कड्याचा एक भाग उपग्रहासोबत कक्षेत जातो आणि दुसरा प्रक्षेपकावर राहतो. उपग्रहासोबत जाणाऱ्या भागाचे वजन कोणाच्या खात्यात धरायचे, हे आयसीडीत पहिल्याच आवृत्तीत लिहून घ्यावे.

दुसरा बारकावा अक्षांचा. आपण उपग्रहाचा झेड अक्ष अँटेनाच्या दिशेने मानलेला असतो, प्रक्षेपकाचे अभियंते तो सुटण्याच्या दिशेने मानतात, आणि व्हायब्रेशन टेस्ट करणारी प्रयोगशाळा आपल्या यंत्राच्या दिशेने मानते. तिन्ही कागद आपापल्या जागी बरोबर असतात आणि तरीही चाचणी चुकीच्या अक्षावर, चुकीच्या पातळीने होते. एका संघात मी काम करत असताना हे प्रत्यक्ष घडले. संपूर्ण दिवस वाया गेला आणि संरचनेवर नको तेवढा ताण आला. तेव्हापासून मी प्रत्येक मॉडेलवर, डमीवरसुद्धा, आयसीडीप्रमाणे अक्ष दाखवणारी पट्टी चिकटवल्याशिवाय ते टेबलावरून हलवू देत नाही.

बंद राहण्याची खात्री

प्रक्षेपकावर असताना उपग्रह निर्जीव असला पाहिजे. क्यूबसॅटमध्ये हे काम रुळाच्या टोकाशी बसवलेल्या सेपरेशन स्विचकडे असते. प्रक्षेपकावरच्या ज्या पेटीतून क्यूबसॅट बाहेर सोडला जातो, तिच्यात असताना तो दाबलेला राहतो आणि बॅटरीपासून बाकी यंत्रणा तोडून ठेवतो. त्याशिवाय हाताळणीच्या काळासाठी काढून टाकायची ‘रिमूव्ह बिफोर फ्लाइट’ पिन असते. किती स्वतंत्र अडथळे हवेत हे प्रक्षेपण संस्था सांगते, पण ते खरोखर स्वतंत्र आहेत का, हे पाहणे आपले काम आहे. दोन स्विच जर एकाच ट्रान्झिस्टरला चालवत असतील आणि तो ट्रान्झिस्टरच शॉर्ट झाला, तर दोन्ही स्विच निरुपयोगी ठरतात. सुरक्षा समिती नेमका हाच प्रश्न विचारते, त्यामुळे सर्किटच्या आकृतीवर प्रत्येक घटक बिघडल्यास काय होईल याचे कोष्टक बैठकीपूर्वी तयार ठेवावे.

सुटल्यानंतरही लगेच जागे होऊन बोलायचे नसते. क्यूबसॅटच्या मानकानुसार अँटेना किंवा पॅनेल उघडण्यासाठी किमान 30 मिनिटे आणि रेडिओ संदेश पाठवणे सुरू करण्यासाठी किमान 45 मिनिटे थांबावे लागते. उड्डाणाच्या हादऱ्यात स्विच क्षणभर सुटून पुन्हा दाबला गेला, तर हे टायमर शून्यावर परत गेले पाहिजेत. ही तरतूद सॉफ्टवेअरमध्ये आहे असे सांगून भागत नाही. स्विच हाताने दहा वेळा सोडून-दाबून ती दाखवता आली पाहिजे.

चुंबकांचाही विचार इथेच करावा. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा सुमारे एक किलोचा ‘स्वयम’ 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34 वरून एकूण वीस उपग्रहांच्या ताफ्यात गेला, आणि त्याचे दिशास्थैर्य वीज न वापरता कायमचुंबकांच्या आधारे साधले होते. लहान उपग्रहासाठी ही पद्धत सुंदर आहे, पण ती वापरणाऱ्या संघाने शेजाऱ्याच्या मॅग्नेटोमीटरचा (चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाचा) विचार केला पाहिजे. मानकाची अपेक्षा अशी आहे की उपग्रहाच्या बाह्य सीमेबाहेर चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा 0.5 गॉसहून अधिक नसावे. हे गणिताने न सांगता मोजून सांगावे.

चाचण्या आणि फिट चेक

उपग्रह तयार होण्याची वाट न पाहता आधी त्याच वजनाचा आणि त्याच मापांचा डमी तयार करून प्रक्षेपकाच्या बाजूला द्यावा. फिट चेकमध्ये, म्हणजे तो प्रक्षेपकावर बसवून पाहताना, बोल्ट बसतो का एवढेच पाहायचे नसते. बोल्ट आवळण्यासाठी पाना आत जातो का, हात पोहोचतो का, पिन काढताना बोट कशाला लागते, चार्जिंगची वायर खिडकीतून येते का, हेही पाहायचे असते. संगणकावरच्या आकृतीत माणसाचा हात नसतो.

कंपनचाचणीत 20 ते 2000 हर्ट्झपर्यंतचे यादृच्छिक कंपन तिन्ही अक्षांवर दिले जाते. पातळी प्रक्षेपकाच्या दस्तऐवजातूनच घ्यावी, इतर मोहिमांच्या अहवालांतून उचलू नये. चाचणीपूर्वी आणि चाचणीनंतर कमी पातळीचा साइन स्वीप (वारंवारता हळूहळू बदलत दिलेले कंपन) घ्यावा आणि दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवून पाहावेत. पहिली नैसर्गिक वारंवारता ठळकपणे सरकली असेल, तर आत कुठेतरी स्क्रू सैल झाला आहे किंवा चिकटवलेला भाग सुटला आहे. उपग्रह चालू होतो आहे म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नये. चाचणीनंतर उपग्रह उघडून दुरुस्त केला, तर किमान स्वीकृती पातळीची चाचणी पुन्हा करावी लागते हे वेळापत्रकात धरलेले असावे.

निर्वात-तापमान चाचणीत उपग्रहातून निघणाऱ्या वायूंकडेही लक्ष असते. पदार्थांच्या यादीतील प्रत्येक गोंद, टेप, वायरचे आवरण यांचे एकूण वस्तुमान-घट 1 टक्क्याच्या आत आणि घट्ट होऊन बसणारा बाष्पाचा भाग 0.1 टक्क्याच्या आत असावा लागतो, कारण तो बाष्प शेजारच्या उपग्रहाच्या भिंगावर जाऊन बसू शकतो. शेवटच्या रात्री बाजारातून आणलेल्या टेपच्या एका तुकड्याने ही यादी खोटी ठरते. म्हणून क्लीन रूममध्ये यादीबाहेरचा कोणताही पदार्थ जाणार नाही, हा नियम प्राध्यापकांपासून प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांना सारखा लागू असावा.

श्रीहरिकोट्यातील दिवस

श्रीहरिकोटा बेट चेन्नईच्या उत्तरेला साधारण 80 किलोमीटरवर आहे आणि सुल्लुरुपेटा हे जवळचे गाव आहे. तेथे जाणाऱ्या माणसांची आणि उपकरणांची यादी अगोदर कळवावी लागते. ऐनवेळी नाव बदलणे अवघड असते, म्हणून प्रत्येक कामासाठी दोन प्रशिक्षित माणसे यादीत ठेवावीत. मोजमापाची साधने, टॉर्क पाना आणि वजनकाटा यांची कॅलिब्रेशनची प्रमाणपत्रे सोबत असावीत. लिथियम-आयन बॅटरी सुटी विमानाने पाठवायची असेल तर चार्ज 30 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि यूएन 38.3 या बॅटरी-सुरक्षा चाचणीचा कागद लागतो. भारतात रस्त्याने नेणे बहुतेक संघांना सोपे पडते, पण तेव्हा पेटीत धक्के नोंदवणारे साधन आणि ओलावा शोषणारी पाकिटे ठेवावीत. बेट समुद्रकाठी आहे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे पाऊस असतो.

जुळणीच्या दिवसाचा कार्यक्रम तासांत न लिहिता पावलांत लिहावा. एकाने पाऊल वाचावे, दुसऱ्याने ते करावे, तिसऱ्याने पाहून सही करावी. मनगटाला स्थिरविद्युत-रोधक पट्टा असावा. आत नेलेली हत्यारे मोजून न्यावीत आणि मोजूनच बाहेर आणावीत. उड्डाणापूर्वी काढायच्या, लाल फिती लावलेल्या सर्व वस्तूंची संख्या फलकावर लिहावी, आणि शेवटची पिन निघाल्यावर त्या सर्व पिना आपल्या हातात आहेत हे दोन माणसांनी स्वतंत्रपणे मोजावे. अंतिम वजन, बॅटरीचे अंतिम व्होल्टेज आणि प्रत्येक बाजूचे छायाचित्र नोंदवल्याशिवाय प्रक्षेपकाकडे सुपूर्द केल्याच्या कागदावर सही करू नये. सुपूर्द केल्यानंतर प्रक्षेपण काही आठवडे पुढे गेले, तर बॅटरी किती उतरेल आणि पुन्हा चार्ज करण्याची संधी मिळेल का, याचे उत्तर आयसीडीत आधीच असले पाहिजे.

या साऱ्या काळात प्रक्षेपण अयशस्वी होण्याची शक्यता मनात ठेवून काम करावे. 7 ऑगस्ट 2022 रोजी इस्रोच्या एसएसएलव्ही या लहान प्रक्षेपकाच्या पहिल्या उड्डाणात उपग्रह 356 × 76 किलोमीटरच्या न टिकणाऱ्या कक्षेत पडले, आणि त्यांत 750 शालेय विद्यार्थिनींच्या सहभागातून तयार झालेला ‘आझादीसॅट’ही गेला. 10 फेब्रुवारी 2023 रोजी, म्हणजे सुमारे सहा महिन्यांत, ‘आझादीसॅट-2’ कक्षेत पोहोचला. इतक्या लवकर पुन्हा उभे राहायचे असेल, तर सुटे भाग, आराखडे आणि चाचण्यांच्या नोंदी जपून ठेवाव्या लागतात. फ्लाइट मॉडेल (प्रत्यक्ष उडणारा उपग्रह) पाठवल्यावर इंजिनिअरिंग मॉडेल (त्याची जमिनीवरच्या चाचण्यांसाठीची जोडप्रत) मोडीत काढू नये.

कक्षेत सुटल्यावर

15 फेब्रुवारी 2017 रोजी पीएसएलव्ही-सी37 ने 104 उपग्रह एका उड्डाणात सोडले. अशा गर्दीत अवकाशातील वस्तूंच्या कक्षीय यादीतील कोणती नोंद आपली, हे पहिले काही दिवस स्पष्ट नसते. प्रक्षेपण संस्थेकडून सुटण्याच्या क्षणाचे स्थान आणि वेग किती वेळात व कोणत्या स्वरूपात मिळणार, हे आधी लिहून घ्यावे. सर्व वेळा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवाव्यात, कारण साडेपाच तासांच्या फरकामुळे पहिला पासच, म्हणजे उपग्रह भूस्थानकावरून जाण्याची पहिली वेळच, हुकतो. आपले भूस्थानक एकच असेल, तर इतर हौशी रेडिओ केंद्रांना बीकनची (उपग्रह सतत पाठवतो त्या ओळखसंकेताची) वारंवारता आणि त्याच्या संदेशाची रचना उड्डाणापूर्वी कळवावी. पहिला संकेत अनेकदा तेच ऐकतात. संकेताच्या डॉप्लर बदलावरून (उपग्रहाच्या वेगामुळे वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून) यादीतील कोणती नोंद आपल्याशी जुळते हे ठरवता येते.

उपग्रहाचा रेडिओ ट्रान्समीटर बंद करण्याची आज्ञा उपग्रहाकडे असलीच पाहिजे आणि ती जमिनीवर प्रत्यक्ष चालवून पाहिलेली असावी. आपला रेडिओ दुसऱ्याला त्रास देऊ लागला किंवा मोहीम संपली, तर तो थांबवणे ही परवान्याची अट असते. महाविद्यालयीन संघात चार वर्षांनी सगळे चेहरे बदललेले असतात. त्यामुळे त्या आज्ञेची किल्ली, ती पाठवण्याची पद्धत आणि परवान्याच्या प्रती संस्थेच्या कार्यालयात मोहरबंद ठेवाव्यात, त्या कोणाच्या ताब्यात आहेत याची लेखी नोंद असावी, आणि दर वर्षी नवा समन्वयक ठरताच त्याच्याकडून ती आज्ञा इंजिनिअरिंग मॉडेलवर एकदा पाठवून घ्यावी.